रेण्वीय चुंबक आणि नॅनोपदार्थांच्या संशोधनाकडे: मराठवाड्यातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

रेण्वीय चुंबक (रेणूंपासून बनलेले चुंबक) किंवा नॅनोपदार्थ (नॅनोमीटरमध्ये मोजायच्या आकाराच्या कणांचे पदार्थ) या क्षेत्रात संशोधक व्हायचे ठरवणाऱ्या विद्यार्थ्याने विषय, मार्गदर्शक आणि विद्यापीठ या तिन्हींच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे: आपण जो पदार्थ तयार करू त्याचे मापन कोठे आणि कोणत्या यंत्रावर होणार? संश्लेषण परभणीच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयातही होऊ शकते, कारण त्यासाठी लागणारे बहुतेक क्षार, लिगँड (धातूच्या अणूला जोडले जाणारे रेणू किंवा आयन) आणि द्रावके साध्या प्रयोगशाळेत हाताळता येतात. परंतु तो पदार्थ चुंबक म्हणून कसा वागतो हे सिद्ध करायचे तर द्रवरूप हेलियमच्या तापमानापर्यंत, म्हणजे सुमारे ४ केल्विन किंवा त्याहून खाली जाणारे यंत्र लागते, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी नसते. पुढच्या आठ-दहा वर्षांचे नियोजन याच अडचणीभोवती फिरते.

आधी विषय समजून घ्यावा

नेहमीच्या लोखंडी चुंबकात असंख्य अणूंचे स्पिन (इलेक्ट्रॉनांमुळे अणूला मिळणारा चुंबकीय गुण) एकमेकांशी बांधलेले असतात आणि चुंबकत्व हा त्या संपूर्ण समूहाचा गुण असतो. एकल-रेणू चुंबक या रेण्वीय चुंबकांच्या प्रकारात मात्र प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूच्या आधाराशिवाय आपली चुंबकीय दिशा धरून ठेवतो. या शाखेची सुरुवात ज्या संयुगापासून मानली जाते, तो बारा मँगनीज अणूंचा ॲसिटेट पुंज पोलंडमधील टी. लिस यांनी १९८० मध्ये तयार करून त्याची रचना प्रसिद्ध केली; पण तो रेणू स्वतःच चुंबक आहे, हे इटलीतील फ्लॉरेन्स येथील रॉबर्टा सेसोली, दान्ते गात्तेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले. मधल्या काळात पदार्थही होता आणि त्याची रचनाही माहीत होती. अतिशय कमी तापमानातील सविस्तर चुंबकीय मापनांनीच त्याचा स्वभाव उघड झाला. या पुंजात अधिक तीन अवस्थेतील आठ मँगनीज अणू प्रत्येकी २ स्पिनचे आणि अधिक चार अवस्थेतील चार मँगनीज अणू प्रत्येकी दीड स्पिनचे असतात. हे दोन गट विरुद्ध दिशांना राहतात, त्यामुळे १६ मधून ६ वजा जाऊन एकूण स्पिन १० उरतो. हा हिशेब ज्याला वहीवर स्वतः मांडता येतो, त्याला पुढचा अभ्यास परका वाटत नाही. एकदा चुंबकीकरण झाले की २ केल्विनला या रेणूची दिशा विरून जायला महिन्यांचा काळ लागतो, मात्र तापमान थोडे वाढले तरी हा गुण हरवतो.

म्हणून गेल्या तीस वर्षांतील बरेचसे प्रयत्न तापमान वाढवण्यासाठी झाले. त्यात लॅन्थनाइड धातू, विशेषतः डिस्प्रोशियम, पुढे आले: २०१७ मध्ये डिस्प्रोशियमच्या एका संयुगात ६० केल्विनला हिस्टेरिसिस, म्हणजे बाहेरचे क्षेत्र काढल्यावरही चुंबकीकरण मागे राहणे, दिसले, २०१८ मध्ये दुसऱ्या एका संयुगाने ८० केल्विन गाठून द्रवरूप नायट्रोजनची ७७ केल्विनची पायरी ओलांडली, आणि २०२५ मध्ये हा आकडा १०० केल्विनवर गेला. अशी विक्रमी संयुगे हवेत क्षणभरही टिकत नाहीत. त्यांच्यासाठी आर्गॉन भरलेली ग्लोव्हबॉक्स (हातमोजे जोडलेली बंद पेटी) आणि श्लेंक लाइन (हवा वगळून काम करण्याची नळ्यांची मांडणी) लागते. एका रेणूत एक माहिती साठवण्याची आणि क्वांटम संगणकाची चर्चा या संदर्भात नेहमी होते. ती ऐकावी, पण आपल्या पीएच.डी.चा प्रस्ताव तिच्यावर उभारू नये, असे माझे मत आहे.

नॅनोपदार्थांची गोष्ट वेगळी आहे. मराठवाड्यातील पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या विभागांमध्ये स्पिनेल फेराइट या लोह आणि इतर धातूंच्या चुंबकीय ऑक्साइडवरील कामाची जुनी परंपरा आहे. कोबाल्ट फेराइट किंवा निकेल-झिंक फेराइट सॉल-जेल स्वयंज्वलन पद्धतीने तयार करणे हे येथील अनेक प्रयोगशाळांचे रोजचे काम आहे. धातूंचे नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून, अमोनियाने सामू ७ च्या आसपास आणून, द्रावण मंद आचेवर आटवले की जेल तयार होते. ते पुढे तापवल्यावर आपोआप पेटते आणि मागे राहिलेली हलकी, फुललेली भुकटी भट्टीत भाजून घ्यावी लागते. या ज्वलनात नायट्रोजन ऑक्साइडचे वायू निघतात, त्यामुळे हे काम धूरकपाटातच करावे. उघड्या टेबलावर करण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही, ती जायला हवी. पदार्थ स्वस्त आहेत, पद्धत सोपी आहे, आणि नेमक्या याच कारणाने या विषयावरील शोधनिबंधांची गर्दीही मोठी आहे. केवळ धातूंचे प्रमाण बदलून आणखी एक मालिका तयार करण्यात आता फारसे हाती लागत नाही. आकार, आवरण किंवा उपयोग यांपैकी एखाद्या गोष्टीविषयी खरा प्रश्न असेल तरच त्या वाटेने जावे.

असा खरा प्रश्न येथे विहिरींतच आहे. नांदेड जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. लोह ऑक्साइडच्या गाभ्यावर ॲल्युमिना किंवा हायड्रॉक्सीॲपेटाइटचे आवरण असलेला नॅनोपदार्थ फ्लोराइड शोषून घेतो आणि नंतर चुंबकाने पाण्यातून बाहेर ओढता येतो. या कामाचे मुख्य मापन फ्लोराइडच्या आयन-निवडक इलेक्ट्रोडवर होते, आणि तो महाविद्यालयाला परवडतो. मात्र चाचणी ऊर्ध्वपातित पाण्यावर करून थांबू नये. विहिरीच्या पाण्यातील बायकार्बोनेट आणि इतर आयन शोषणात आडवे येतात, त्यामुळे प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला पदार्थ गावात निष्प्रभ ठरू शकतो.

बी. एस्सी.च्या वर्षांत

आपल्याकडे बारावीला जीवशास्त्र घेऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. लातूर पॅटर्नचा दबदबा सर्वांना ठाऊक आहे. त्यांपैकी ज्यांना वैद्यकीय प्रवेश मिळत नाही, असे अनेक जण रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. करतात आणि गणित कायमचे मागे राहते. चुंबकत्वाच्या अभ्यासात ही उणीव फार जाणवते, कारण स्पिनचे हॅमिल्टोनियन (त्याच्या ऊर्जेचे गणिती सूत्र), मॅट्रिक्स आणि समूह सिद्धांत यांशिवाय मापनाचा अर्थ लावता येत नाही. गणित सुटलेल्या विद्यार्थ्याने निराश होण्याचे कारण नाही, परंतु पहिल्या वर्षापासूनच बाजूला मॅट्रिक्स, आयगेनमूल्ये आणि प्राथमिक कलनशास्त्र यांचा अभ्यास सुरू करावा आणि पायथन ही संगणकभाषा आलेख काढण्यापुरती तरी शिकावी. मोफत मिळणाऱ्या स्वयम आणि एनपीटेलच्या अभ्यासक्रमांत हे सारे आहे.

प्रात्यक्षिकांबाबत एक आग्रहाचा सल्ला आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या कपाटात कॉपर ॲसिटेटची बाटली असते, आणि एम. एस्सी.चे वर्ग असलेल्या अनेक ठिकाणी गॉय तराजूही (चुंबकीय क्षेत्रात पदार्थाच्या वजनात पडणारा फरक मोजणारा तराजू) असतो, मग तो धूळ खात पडलेला का असेना. तो मागून घ्यावा, मर्क्युरी टेट्राथायोसायनेटोकोबाल्टेट या प्रमाणित पदार्थाने त्याचे अंशांकन करावे आणि कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेटचे चुंबकीय आघूर्ण काढावे. अधिक दोन अवस्थेतील कॉपरमध्ये एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असल्याने उत्तर निदान १.७३ बोर मॅग्नेटॉन (चुंबकीय आघूर्णाचे एकक) यायला हवे, पण सामान्य तापमानाला ते १.४ च्या आसपास येते. चूक तराजूची नसते. या संयुगात दोन कॉपर अणू चार ॲसिटेट पुलांनी जोडलेले असतात आणि त्यांचे स्पिन एकमेकांना बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात. ब्लीनी आणि बॉवर्स यांनी १९५२ मध्ये याचे गणित मांडले आणि पुढच्याच वर्षी स्फटिकरचनेतून दोन अणूंची ही जोडी प्रत्यक्ष दिसली. रेण्वीय चुंबकत्वाचा सगळा पाया या एका निळसर हिरव्या भुकटीत आहे. तो स्वतःच्या हाताने मोजलेला विद्यार्थी पीएच.डी.च्या मुलाखतीत वेगळा उठून दिसतो.

बारावीच्या मंडळ परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची असून त्यातला काही भाग उन्हाळी प्रकल्पासाठी असतो. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन राष्ट्रीय अकादम्यांसह दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देते. अर्ज करताना आवडत्या विषयाविषयी गोड शब्दांत लिहिण्यापेक्षा आपण केलेले एक मापन, त्यातील त्रुटी आणि पुढचा प्रश्न एवढेच लिहिले तर ते अधिक परिणामकारक ठरते.

एम. एस्सी., परीक्षा आणि अधिछात्रवृत्ती

वाळूजच्या औषधनिर्मिती कारखान्यांमुळे आपल्याकडे सेंद्रिय आणि विश्लेषणात्मक रसायनशास्त्राला मागणी आहे. असेंद्रिय शाखा त्या मानाने मागे पडते. ज्याला रेण्वीय चुंबकांवर काम करायचे आहे त्याने शक्य असेल तर असेंद्रिय किंवा भौतिक रसायनशास्त्र घ्यावे, आणि सेंद्रिय शाखाच मिळाली तरी नाउमेद होऊ नये, कारण लिगँड तयार करणे हे शेवटी सेंद्रिय संश्लेषणच आहे आणि त्यात हात बसलेला विद्यार्थी कोणत्याही गटाला हवा असतो. आयआयटीतील एम. एस्सी. प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा आहे, पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट आणि गेट या दोन परीक्षा महत्त्वाच्या आहेत. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये व त्यावर घरभाडे भत्ता, असे दर जानेवारी २०२३ पासून लागू झाले. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था त्या त्या समाजगटांतील पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती कधी निघतील याचा नेम नसतो, त्यामुळे जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हे कागद आधीच तयार ठेवावेत. या कागदांसाठी तहसीलमध्ये होणाऱ्या चकरा संशोधनाच्या सुरुवातीच्या महिन्यांत परवडत नाहीत.

मार्गदर्शक निवडताना

रेण्वीय चुंबकांसाठी आयआयटी मुंबई आणि आयसर भोपाळ येथे सक्रिय गट आहेत. नांदेडच्या विद्यार्थ्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते, आणि तेथील केंद्रीय विद्यापीठात असेंद्रिय रसायनशास्त्राची भक्कम परंपरा आहे. नॅनोपदार्थांसाठी पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि सी-मेट, तसेच मोहालीची नॅनोविज्ञान संस्था यांचा विचार करावा. घरच्या कारणाने मराठवाड्यातच राहायचे असेल तर छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ येथून चांगले काम होऊ शकते, फक्त मार्गदर्शकाला काही प्रश्न स्पष्टपणे विचारावे लागतात.

पहिला प्रश्न मापनाचा: गेल्या दोन वर्षांत या गटाचे नमुने कोठे मोजले गेले आणि मोजायला किती काळ लागला? मोघम उत्तर मिळाले तर विषय बदलावा. दुसरा प्रश्न शोधनिबंधावरील नावांचा, कारण मापन करून देणाऱ्या सहकाऱ्याचे नाव कोठे येणार हे आधी ठरले नाही तर शेवटी कटुता येते. तिसरा प्रश्न गटातील आधीच्या विद्यार्थ्यांचा: ते किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कोठे आहेत? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा सर्वसाधारण कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे आहे अशी आपल्याकडे समजूत असते. सर किंवा मॅडम असे आदराने संबोधून, बसून, शांतपणे विचारले तर कोणताही जाणता मार्गदर्शक रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याविषयी पुरेशी माहिती मिळालेली असते.

विद्यापीठांतील संशोधकांसाठी सर्वांत मोठा आधार म्हणजे इंदूर येथील यूजीसी-डीएई वैज्ञानिक संशोधन संकुल. तेथे कमी तापमानाची आणि उच्च चुंबकीय क्षेत्राची यंत्रे आहेत, प्रस्ताव मंजूर झाल्यास विद्यापीठातील संशोधकांना ती वापरता येतात, आणि संभाजीनगरहून रात्रीच्या बसने तेथे पोहोचता येते. त्याच शहरातील राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) आहे. आयआयटी मुंबईतील सैफ केंद्र शुल्क घेऊन नमुने तपासून देते, आणि देशभरातील यंत्रांची यादी आय-स्टेम या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

प्रयोगशाळेत

प्रतीक्षा करून मिळालेल्या मापनाच्या वेळेत अशुद्ध नमुना नेणे ही सर्वांत महाग पडणारी चूक असते. चुंबकीय मापन अत्यंत संवेदनशील असते. पोलादी चमच्याने घासून काढलेल्या भुकटीत लोखंडाचे कण येतात आणि त्यांचा संकेत खऱ्या संकेताला गिळून टाकतो. म्हणून चमचा प्लास्टिकचा किंवा काचेचा वापरावा. आपल्या भागात याला आणखी एक जोड आहे: दख्खनच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइट असते, ते झिजून काळ्या मातीत उतरते, आणि उन्हाळ्यात खिडकीतून येणारी धूळ त्यामुळे चुंबकीय असते. साधा चुंबक रानातल्या कोरड्या मातीतून फिरवून पाहावा, त्याला काळे कण चिकटलेले दिसतील. नमुन्यांच्या कुप्या बंद ठेवाव्यात आणि त्यांना फडक्याने पुसलेल्या टेबलावर उघडू नये.

स्फटिक वाढवण्याच्या कामात एप्रिल-मे कठीण जातात. खोलीचे तापमान ४० अंशांवर गेले की मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल फार वेगाने उडते आणि स्फटिकांऐवजी भुकटी हाती लागते. त्या दिवसांत कुपीचे तोंड झाकून त्याला केवळ सुईचे छिद्र ठेवावे किंवा इथरच्या मंद विसरणाची पद्धत वापरावी आणि कुपी थंड जागी ठेवावी. स्फटिकातील द्रावकाचे रेणू वाळवताना निघून जातात, त्यामुळे स्फटिकरचनेवरून काढलेला रेणुभार आणि प्रत्यक्ष मोजलेल्या भुकटीचा रेणुभार यांत फरक पडतो. मापनाच्या आदल्या दिवशी मूलद्रव्य विश्लेषण आणि उष्णताभार विश्लेषण यांवरून तो तपासून घ्यावा. परक्लोरेट क्षारांच्या संयुगांबाबत जास्त काळजी घ्यावी, कारण ती कोरडी असताना तापवल्यास किंवा खरवडल्यास स्फोट होऊ शकतो. ती काही मिलिग्रॅमच तयार करावीत, आणि शक्य असेल तेथे नायट्रेट किंवा टेट्राफ्लुओरोबोरेट वापरून पाहावे.

मापन झाल्यावर आलेख पाहण्याआधी एक आकडा पाहावा: सामान्य तापमानाला चुंबकीय ग्राह्यता (क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो याचे माप) आणि तापमान यांचा गुणाकार. परस्परसंबंध नसलेल्या अधिक दोन मँगनीजच्या एका अणूसाठी तो ४.३७५, अधिक तीन गॅडोलिनियमसाठी ७.८७५ आणि अधिक तीन डिस्प्रोशियमसाठी १४.१७ घन सेंटिमीटर केल्विन प्रति मोल येतो. मिळालेला आकडा यापासून दूर असेल तर प्रथम वजन, रेणुभार आणि शुद्धता यांकडे पाहावे. नव्या भौतिकीचा शोध लागल्याची शक्यता फार कमी असते. युग्मित इलेक्ट्रॉनांमुळे येणाऱ्या उलट्या संकेताची, म्हणजे प्रतिचुंबकीय, दुरुस्ती पास्कलच्या स्थिरांकांवरून करावी. नमुन्यात हवा शिरलेली असेल तर ४४ केल्विनच्या आसपास घन ऑक्सिजनमुळे एक उंचवटा दिसतो. त्यावर नव्या संशोधकांनी प्रकरणेच्या प्रकरणे लिहू नयेत. डिस्प्रोशियमचे स्फटिक चुंबकीय क्षेत्रात स्वतःच वळतात, म्हणून भुकटी मेणासारख्या आयकोसेनमध्ये किंवा दाबून घट्ट बसवावी लागते.

नॅनोपदार्थांच्या बाबतीत क्ष-किरण विवर्तनावरून आकार काढणाऱ्या श्येरर समीकरणावर फार भिस्त ठेवली जाते. क्ष-किरण विवर्तनाच्या शिखराची रुंदी घेऊन काढलेला आकार हा स्फटिकखंडाचा असतो, कणाचा नव्हे, आणि यंत्रामुळे येणारी रुंदी वजा केली नाही तर तो आकडाही चुकतो. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काही शे कणांचे मापन करून आकारांचे वितरण दाखवल्याशिवाय एकसारख्या नॅनोकणांचा दावा करू नये. आवरणातील सेंद्रिय भागाचे वजन वजा करणेही बरेच जण विसरतात, मग ग्रॅममागील चुंबकीकरण विनाकारण कमी दिसते.

पीएच.डी.नंतर

प्राध्यापकपदासाठी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेसाठी परदेशातील एक-दोन वर्षांचा अनुभव उपयोगी पडतो, आणि रेण्वीय चुंबकांसाठी मँचेस्टर, फ्लॉरेन्स आणि कार्ल्सरूह ही परिचित ठिकाणे आहेत. औषध कंपन्यांत जायचे असेल तर चुंबकत्वापेक्षा स्फटिकशास्त्र आणि विवर्तन मापनातील कौशल्य सांगावे. औषधांच्या बहुरूपी (एकाच पदार्थाच्या निरनिराळ्या रचनांच्या) स्फटिकांचे काम तेथे सतत चालू असते.

ज्याला मराठवाड्यातच एखाद्या महाविद्यालयात रुजू व्हायचे आहे, त्याने नोकरी लागताच महागडे यंत्र मागण्याऐवजी चांगला तराजू, व्हॅक्यूम ओव्हन, मफल भट्टी आणि दुरुस्त केलेला गॉय तराजू एवढ्यावर सुरुवात करावी. केंद्रातील अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानच्या नवीन संशोधकांसाठीच्या योजनांकडे लक्ष ठेवावे आणि दरवर्षी एक तरी मापन-प्रस्ताव पाठवावा. त्या प्रस्तावात नमुन्याचे रेणुसूत्र व द्रावकासह रेणुभार, उपलब्ध वजन मिलिग्रॅममध्ये, हवेत तो किती टिकतो, तापमानाचा व क्षेत्राचा हवा असलेला पल्ला, सामान्य तापमानाला अपेक्षित असलेला ग्राह्यता-तापमान गुणाकार आणि त्या मापनातून नेमका कोणता प्रश्न सुटणार आहे हे दोन ओळींत लिहावे. जोडीला भुकटीचा विवर्तन आलेख स्फटिकरचनेवरून काढलेल्या आलेखाशी ताडून जोडावा, म्हणजे नमुना शुद्ध असल्याची खात्री समितीला तेथेच पटते.